मारून मुटकून वैद्य झालेला माणूस गातो तेव्हा: गुनो यांचा ऑपेरा-कोमिक आणि मोलिएर यांचे गद्य

धागाकर्ती: रानजाई

हरि नारायण आपटे यांचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' हे प्रहसन आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, आणि ते सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार मोलिएर यांच्या 'ल मेद्सँ मालग्रे लुई' या नाटकावरून घेतले आहे हेही काहींना माहीत असेल. याच नाटकावरून फ्रेंच संगीतकार शार्ल गुनो यांनी तीन अंकांचा एक ऑपेरा-कोमिक रचला आणि मूळ नाटकाचेच नाव त्याला ठेवले. १५ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसच्या तेआत्र लिरिकमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. गुनो यांचे नाव आज प्रामुख्याने 'फाउस्ट' या ऑपेरासाठी घेतले जाते आणि त्याच्या सावलीत ही लहान, देखणी कृती झाकून गेली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रथम कथानक थोडक्यात सांगते. स्गानारेल हा मोळ्या बांधून विकणारा दारुडा माणूस बायकोला, म्हणजे मार्तीनला, काठीने मारतो. तेवढ्यात वालेर आणि ल्युका हे दोन नोकर आपल्या मालकाच्या मुक्या झालेल्या मुलीसाठी वैद्य शोधत तिच्यापाशी येतात. सूड घेण्याची संधी ओळखून ती त्यांना सांगते की, माझा नवरा मोठा धन्वंतरी आहे, मात्र चोप दिल्याशिवाय तो वैद्य असल्याचे कबूल करत नाही. ते दोघे त्याला चोप देतात आणि तो वैद्य होतो. मुलगी, ल्युसँद, मुळात मुकी नाहीच. नको असलेले लग्न टाळण्यासाठी तिने वाचा गेल्याचे सोंग घेतले आहे. पुढे तिचा प्रियकर लेआंद्र औषधविक्याच्या वेषात स्गानारेलबरोबर घरात शिरतो आणि शेवटी त्याला काकाचा वारसा मिळाल्यामुळे मुलीचा बाप जेरोंत लग्नाला राजी होतो.

हे नाटक गुनो यांच्या हाती आले ते आडवाटेने. तेआत्र लिरिकचे संचालक लेओं कार्व्हालो यांच्याकडे 'फाउस्ट'ची बोलणी चालू असतानाच पॅरिसच्या दुसऱ्या एका नाट्यगृहात त्याच विषयावरचे नाटक येणार असल्याचे कळले, त्यामुळे तो बेत पुढे ढकलावा लागला. मधल्या काळासाठी एखादा विनोदी विषय हवा होता आणि गुनो मोलिएर यांच्याकडे वळले. झ्युल बार्बिए आणि मिशेल कारे या 'फाउस्ट'च्याच संहिताकारांनी शब्दांचे काम पाहिले. परंतु मोलिएर यांची नाटके ही आपली मिरास आहे अशी कोमेदी-फ्रांसेझ या पॅरिसच्या जुन्या नाट्यसंस्थेची धारणा होती आणि त्या संस्थेने हरकत घेतली. त्या काळी पॅरिसमध्ये कोणत्या रंगभूमीने कोणत्या प्रकारचे खेळ करावेत यावर सरकारी बंधने असत. ती १८६४ साली उठली. शेवटी तिसऱ्या नेपोलियनची चुलतबहीण राजकन्या मातिल्द हिने मध्यस्थी केली, तेव्हा कुठे हा खेळ मंचावर आला. त्यासाठी १५ जानेवारी ही तारीख निवडली गेली, कारण १६२२ साली त्याच दिवशी मोलिएर यांचा बाप्तिस्मा झाला होता.

ऑपेरा-कोमिक या नावावरून हा प्रकार विनोदीच असतो असा समज होतो, तो बरोबर नाही. ज्या ऑपेरात गाण्यांच्या मध्ये साधे गद्य संवाद बोलले जातात, तो ऑपेरा-कोमिक. बिझे यांचा 'कार्मेन' इतका दुःखान्त असूनही १८७५ साली याच प्रकारात जन्मला. आपल्या संगीत नाटकाला हा प्रकार फार जवळचा आहे. संवाद चालू असतो, एका क्षणी वाद्ये सूर धरतात आणि पात्र गाऊ लागते. मला ज्याविषयी लिहायचे आहे तो प्रश्न नेमका हा क्षण निवडण्याचा आहे. बांधून तयार असलेले, लोकांना तोंडपाठ असलेले गद्य नाटक हाती आले असता गाणे कुठे ठेवावे आणि कुठे ठेवू नये, याचा इतका विचारपूर्वक दिलेला निवाडा मला दुसऱ्या कुठल्या रूपांतरात आढळलेला नाही.

एक उदाहरण देते. मार खाल्ल्यावर एकटी उरलेली मार्तीन मूळ नाटकात एक लहानसे स्वगत बोलते आणि त्यात म्हणते की, नवऱ्याचा सूड उगवण्याचे साधन बायकोच्या हातात नेहमीच असते. संहिताकारांनी हेच वाक्य छंदात बसवले आणि तिथे मार्तीनचे पद उभे राहिले. त्यात नवा आशय भरला नाही, कथानक अडवले नाही. मूळ स्वगतातच जो ठेका दडलेला होता, तो फक्त ऐकू येईल असा केला. याउलट हृदय आणि यकृत यांचा प्रसिद्ध विनोद घ्या. हृदय डावीकडे आणि यकृत उजवीकडे असते ना, असे जेरोंत विचारतो आणि स्गानारेल शांतपणे उत्तरतो की, पूर्वी तसे होते, आता आम्ही ते सगळे बदलून टाकले आहे. हे वाक्य फ्रेंच माणसाच्या रोजच्या बोलण्यात म्हणीसारखे रुजले आहे. त्याला चाल लावण्याचा मोह कोणाही संगीतकाराला झाला असता, परंतु त्या वाक्याची सारी गंमत त्याच्या सपाट, निर्विकार उच्चारात आहे, आणि सुरावर चढवताच ती नाहीशी झाली असती. ते गद्यातच राहिले.

तिसरा नमुना याहून अवघड आहे. मुक्या मुलीला गाणे कसे द्यायचे? दुसऱ्या अंकातील तपासणीच्या प्रसंगी सहा पात्रे एकत्र गातात आणि त्यांत ल्युसँदच्या वाट्याला शब्द नाहीत, नुसते 'हां, ही, हों' असे हुंकार आहेत. मूळ नाटकातही ते तसेच आहेत. तिथे ते पोकळ वाटतात, इथे मात्र त्यांना सूर मिळतो. वैद्य, बाप, नोकर आणि दाई शब्दांचा गलबला करत असताना जिच्यासाठी हे सगळे चालले आहे तिला एकही शब्द नाही, ही गोष्ट कान आपोआप टिपतो. मग तिसऱ्या अंकात तिची वाचा परत येते आणि पाच जणांच्या गाण्यात ती कोणाला बोलूच देत नाही, तेव्हा आधीच्या हुंकारांची परतफेड होते.

हा खेळ रसिकांना आवडला. चाळिशीला आलेल्या गुनो यांचे आधीचे ऑपेरा फारसे चालले नव्हते, त्यामुळे लोकप्रियता अशी त्यांना प्रथम इथेच मिळाली. दुसऱ्याच दिवशी, १६ जानेवारीला, त्यांची आई वारली. वडिलांच्या मागे जिने शिकवण्या करून मुलांना वाढवले, तिला मुलाचे हे यश अनुभवता आले नाही. इतक्या हसऱ्या संगीताच्या शेजारी ही नोंद वाचताना मी दर वेळी थांबते.

संगीत नाटकावर प्रेम करणाऱ्या जाणकारांनी आपली मते जरूर मांडावीत.

---

प्रतिसाद: कृष्णाकाठ

रानजाई, विषय अतिशय मोलाचा आहे. आपण आपटे यांचा उल्लेख केलात, परंतु मला देवल अधिक जवळचे वाटतात. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' हेही दूरच्या नात्याने मोलिएर यांचेच आहे. मोलिएर यांचे १६६० चे 'स्गानारेल' हे प्रहसन आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी नाटकात उतरले आणि मर्फी यांच्यावरून देवलांनी प्रथम 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. त्याचे संगीत रूप 'संशयकल्लोळ' या नावाने १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले. म्हणजे गद्य प्रहसनाला पदे देऊन त्याचे संगीत नाटक करण्याची जी वाट गुनो चालले, तीच वाट आपल्याकडेही चालली गेली, आणि दोन्हीकडे मुळाशी एकाच लेखकाने घडवलेला स्गानारेल आहे. आपला फाल्गुनराव हा त्या संशयी स्गानारेलचा मराठी वंशज आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

मात्र एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. 'संशयकल्लोळ'मधील पदांचा मोठा भार अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमी जोडीवर आहे. फाल्गुनराव मुख्यतः गद्यात वावरतो आणि विनोद त्याच्यामुळे उभा राहतो. गुनो यांच्याकडे हे उलटे दिसते. तिथे गाणारा नायक स्वतः स्गानारेलच आहे आणि प्रियकर लेआंद्रला मोजकीच जागा आहे. विनोदी पात्राला गायला लावूनही विनोद टिकवायचा, हे अधिक कठीण काम नव्हे काय?

---

प्रतिसाद: रानजाई

कृष्णाकाठ, फारच नेमका मुद्दा आहे आणि तो माझ्या ध्यानात आला नव्हता. गुनो यांनी भूमिकांसाठी आवाज कसे निवडले, तेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लेआंद्र हा तार सप्तकात सहज फिरणारा टेनर आहे आणि दुसऱ्या अंकात तो खिडकीखाली जे प्रेमगीत गातो त्याला मुद्दाम सतराव्या शतकातील गीतांचा जुनाट डौल दिलेला आहे. स्गानारेलचा आवाज मात्र बॅरिटोन, म्हणजे बोलण्याच्या पट्टीला जवळचा. त्यामुळे तो गद्यातून पद्यात आणि पद्यातून गद्यात फारसा धक्का न लागता ये-जा करू शकतो. प्रियकर गाण्यासाठी थांबतो आणि स्गानारेल बोलता बोलता गातो, असे ते ऐकताना वाटते.

---

प्रतिसाद: सायंतारा

लेख आवडला, तरी एक गोष्ट मनाला टोचते आणि ती इथे मांडणे मला आवश्यक वाटते. या कथेचा आरंभ बायकोला काठीने मारण्यापासून होतो. वाचताना आपण मार्तीनच्या बुद्धीचे कौतुक करून पुढे जातो, परंतु रंगमंचावर, त्यातही आनंदी संगीताच्या साथीने, ते दृश्य पाहणे मला जड जाईल. मूळ नाटकात शेजारी रोबेर भांडण सोडवायला येतो, तेव्हा मार्तीनच त्याला झिडकारते आणि 'मला मार खायचा असेल तर तुम्हाला काय?' असे विचारते. प्रेक्षक त्यावर हसतो. संगीताने हा मार अधिकच गोड करून टाकला, असे आपल्याला वाटत नाही का?

---

प्रतिसाद: रानजाई

सायंतारा, आपण हे विचारलेत याचा आनंद झाला, कारण या प्रश्नाला बगल देऊन या नाटकावर प्रेम करता येत नाही, असे माझेही मत आहे. रोबेरच्या प्रसंगाचे समर्थन मी करणार नाही. तो वाचताना मीही अस्वस्थ होते. परंतु मार्तीनचे पद त्या मारानंतर लगेच येते, याकडे लक्ष वेधते. नाटकात तिचे स्वगत काही क्षणांत संपते आणि दोन्ही नोकर प्रवेश करतात. ऑपेरात मात्र तिला रंगमंच एकटीला मिळतो, सगळी वाद्ये तिच्या मागे उभी राहतात आणि तिची चीड पूर्ण ऐकली जाते. ज्या स्त्रीला गद्यात चार ओळी होत्या तिला इथे पुरते पद आहे. त्या पदानंतर स्गानारेलला जो चोप बसतो, तो तिने बसवलेला आहे, हे प्रेक्षक विसरू शकत नाही.

शेवट मात्र मलाही पटत नाही. वैद्यकीचा मान मिळवून दिल्याबद्दल स्गानारेल उदारपणे तिला क्षमा करतो आणि पुन्हा वर दरारा दाखवतो. क्षमा कोणी कोणाची मागायला हवी होती, हा आपला प्रश्न तिथे तसाच उभा राहतो.

---

प्रतिसाद: नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि मला या कृतीच्या दोन काळांमधील अंतर विचार करण्याजोगे वाटते. मोलिएर यांनी ६ ऑगस्ट १६६६ रोजी हे नाटक प्रथम केले आणि स्गानारेलची भूमिका स्वतः वठवली. हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा शोध १६२८ साली प्रसिद्ध केला होता, तरीही पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठातील अनेक पंडित तेव्हा तो मानायला तयार नव्हते आणि रक्तमोक्षण व जुलाब यांवरच भर देत होते. झगा, उंच टोपी आणि लॅटिन ही त्यांच्या अधिकाराची खूण होती. स्गानारेल लॅटिनच्या नावाखाली व्याकरणाच्या पहिल्या पाठातली रूपे घडाघडा म्हणून दाखवतो आणि जेरोंतला लॅटिन येत नसल्यामुळे तो दिपून जातो. मुकेपणावर वाइनमध्ये भिजवलेल्या पावाचा उपाय सांगताना, पोपटांना हेच खायला देतात आणि ते बोलायला शिकतात, असा पुरावाही तो देतो.

गुनो यांचा काळ वेगळा होता. लाएनेक यांनी १८१६ साली पॅरिसमध्येच स्टेथोस्कोप तयार केला होता आणि त्या शहरातील रुग्णालयांत शिकायला परदेशांतून विद्यार्थी येत होते. तरीही १८५८ चा प्रेक्षक तिसऱ्या अंकात गावकरी 'वैद्यराज, वैद्यराज' करत स्गानारेलभोवती गोळा होतात तेव्हा हसलाच असणार. रुग्णाची अगतिकता शतकानुशतके तशीच राहते. न कळणारा शब्द ऐकला की त्याला धीर येतो. माझ्याकडे येणारी वडीलधारी माणसे आजही आजाराचे नाव मराठीत सांगितले तर किंचित निराश होतात, आणि म्हणून ते मी अधिक निग्रहाने मराठीतच सांगतो.

---

प्रतिसाद: मध्यलय

धागाकर्तीच्या मुख्य प्रतिपादनाशी मी पूर्णपणे सहमत नाही. गद्य संवाद ठेवले म्हणून ही कृती श्रेष्ठ ठरते, असा सूर लेखात जाणवतो. परंतु ऑपेरा गाणाऱ्यांना गद्य बोलण्याचे शिक्षण क्वचितच मिळते, आणि मोलिएर यांचे गद्य तर अभिनेत्याची परीक्षा पाहणारे आहे. १९२४ साली रशियन बॅलेचे निर्माते सर्गेई दियागिलेव्ह यांनी माँते कार्लो येथे हा ऑपेरा केला, तेव्हा संगीतकार एरिक साती यांच्याकडून गद्य संवादांना सूर लावून घेतले. 'कार्मेन'चेही तसेच झाले. बिझे यांच्या मृत्यूनंतर एर्नेस्त गिरो यांनी गद्याच्या जागी गायचे संवाद रचले आणि जगभर 'कार्मेन' पसरला तो त्याच रूपात. खुद्द 'फाउस्ट' १८५९ साली प्रथम आला तेव्हा त्यात गद्य होते, आणि गुनो यांनीच नंतर ते काढून गायचे संवाद घातले. मग 'फाउस्ट'च्या बाबतीत जे योग्य ठरले, ते वैद्यबुवांच्या बाबतीत अयोग्य कसे?

---

प्रतिसाद: रानजाई

मध्यलय, आक्षेप सबळ आहे आणि उदाहरणेही बरोबर आहेत. गायकांच्या अडचणीबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. तरीही 'फाउस्ट' आणि ही कृती यांत मी भेद करते. 'फाउस्ट'मधील गद्य हे संहिताकारांनी कामापुरते लिहिलेले गद्य होते. ते गेले म्हणून कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही. इथले गद्य मोलिएर यांचे आहे. काटछाट झाली असली तरी त्याची लय, विराम आणि उत्तर देण्याआधीची ती क्षणभराची शांतता हेच या नाटकाचे मूळ संगीत आहे. साती यांनी जे केले ते मान राखून केले, आणि दोन वेगळ्या शतकांतील दोन फ्रेंच कान एकाच नाटकावर काम करताना ऐकणे हा निराळा आनंद आहे, हे मी मान्य करते. पण संवाद सतत सुरात राहिले की गाणे सुरू होण्याचा क्षण उरत नाही, आणि माझ्यासाठी तोच क्षण या कृतीचा प्राण आहे.

आपल्या रंगभूमीवर याच्या उलट दिशेने हानी झाली. वन्समोअर घेत पद इतके लांबत गेले की संवाद म्हणजे दोन पदांमधली विश्रांती ठरू लागली. माझ्या आजीने रात्रभर चाललेली संगीत नाटके पाहिली होती आणि ती त्यांविषयी भक्तीने बोलत असे. तिच्या त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. तरी पद नाटकाचे किती आणि मैफिलीचे किती, हा हिशेब गुनो यांनी जसा ठेवला, तसा आपल्याकडे फार थोड्यांनी ठेवला.

---

प्रतिसाद: मध्यलय

गाणे सुरू होण्याच्या क्षणाचा मुद्दा पटला. साती यांच्या आवृत्तीकडे मी यापुढे स्वतंत्र कृती म्हणून पाहीन. एक विनंती आहे. पहिल्या अंकात स्गानारेल बाटलीला उद्देशून जे गातो, त्याचे शब्द मोलिएर यांचेच आहेत ना? त्याचा मराठी अनुवाद आपण करून द्याल का?

---

प्रतिसाद: रानजाई

हो, ते गाणे मूळ नाटकातच आहे. लाकडे तोडून दमलेला स्गानारेल बाटली काढतो आणि तिच्याशी बोलू लागतो; म्हणजे इथे तर नाटककारानेच गाण्याची जागा आखून ठेवली होती. गुनो यांनी तेच शब्द घेतले. बाटलीतून द्रव ओतताना होणाऱ्या आवाजाला फ्रेंचमध्ये 'ग्लुग्लु' म्हणतात आणि सगळी कविता त्या एका शब्दाभोवती फिरते. माझा प्रयत्न असा:

गोड गं बाटली, गोड तुझी वाणी,
घटघट घटघट गाशी गाणी;
भरली राहसी सदा जर ऐशी,
हेवा करतील शेजारीपाजारी;
सखे गं, जिवलगे, सांग ना मजला,
रिती का होसी ऐन दुपारी?

'ऐन दुपारी' मूळात नाही; यमकासाठी ती माझी भर आहे.

---

प्रतिसाद: कृष्णाकाठ

अनुवाद गोड उतरला आहे. एकच दुरुस्ती सुचवतो. 'घटघट' हा पिणाऱ्याच्या घशाचा आवाज आहे, बाटलीचा नव्हे. इथे गाते ती बाटली, तेव्हा 'बुडबुड' अधिक योग्य होईल. घागर विहिरीत सोडली की ती पाणी घेताना तसेच बोलते.

---

प्रतिसाद: रानजाई

अगदी खरे आहे. 'बुडबुड बुडबुड गाशी गाणी' असे वाचावे. स्गानारेल पीत असला तरी गाणे बाटलीचे आहे, हे मी विसरले होते.